गुरुवारी गारांची शक्यता

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलींना नाही, मावशीला तर तिच्या शेवटापर्यंत कळली नाही. आणि ज्या माणसाला ती सगळ्यात आधी सांगायला हवी होती — त्याचं पुढे येईलच. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मध्येच उठून जाणार नाही असं वाटतं, म्हणून असेल.

एक आधीच सांगून ठेवते. ही रडकी गोष्ट नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा आठवडा आहे हा. अजून आठवला की मी एकटीच हसते. लाज वाटायला हवी तिथे हसू येतं — आता बोला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. नाव सांगत नाही, पेपरचा काही दोष नव्हता. तेव्हा अशा जागेवर बाई म्हणजे नवल. मला महिलांचं पान दिलेलं होतं आणि त्याच्या जोडीला, कुणालाच नको असलेली एक चौकट — ‘येत्या आठवड्याचे हवामान’. रविवारच्या अंकात, तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी.

ही चौकट मला सप्रे काका सांगायचे. ते हवामानाच्या कचेरीत होते. नकाशे वाचण्यात त्यांच्यासारखा माणूस नाही, असं त्यांच्या कचेरीतलेच लोक म्हणत. दर शनिवारी सकाळी अकराला त्यांचा फोन यायचा. कचेरीचा इंग्रजी अंदाज समोर ठेवून ते मराठीत सांगत आणि मी लिहून घेई. शब्द न् शब्द दोनदा सांगायचे. आणि शेवटी, कधीकधी, एक ओळ स्वतःची घालायचे. सरकारी अंदाज सगळ्या विदर्भाचा, पण नागपूर जिल्ह्यापुरतं त्यांना काही वेगळं दिसलं तर ते म्हणत, “आता माझी ओळ घे, बेटा.” पुष्कळ वेळा तीच खरी ठरायची. तिचं श्रेय मात्र कुणी कधी दिलं नाही. हवामानाचा अंदाज चुकला की लोक हसतात, बरोबर आला की विसरून जातात.

आता माझ्या घरचं सांगते. आमचं गाव सावनेर तालुक्यात, खाप्याजवळ, आणि गावाला लागून आमची संत्र्याची बाग. मी शिकायला म्हणून नागपुरात नंदनवनला मावशीकडे आले आणि नोकरी लागल्यावर तिथेच राहिले. पेपरमध्ये अरविंद मुद्रितं तपासायचा. मूळचा जबलपूरचा, तिकडच्या जुन्या मराठी घरातला. माझ्या मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तो एवढ्या हळुवारपणे दाखवायचा की मी मुद्दाम करायला लागले होते. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

जात वेगळी होती. बाबा कधी ‘नाही’ म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं! ते फक्त शेताकडे बोट दाखवायचे. अरविंदचे आईवडील पहिल्यांदा येतो म्हणाले तेव्हा पेरणी होती. दुसऱ्यांदा हरभरा होता. आता तिसऱ्यांदा ते येणार होते, गुरुवारी, जबलपूरच्या बसने, आणि अरविंदने मला स्पष्ट सांगितलं होतं की ही शेवटची वेळ. त्याच्या वडिलांनी दुसरं एक स्थळ बघून ठेवलं होतं. बाबांचं उत्तर आलं पोस्टकार्डावर. बागेत मृगाचा बहार पिकला आहे, तोडणी पंधरा दिवस चालेल, मी बाग सोडून कुठे येत नाही.

ते पोस्टकार्ड शुक्रवारी आलं. शनिवारी अकराला सप्रे काकांचा फोन.

“विदर्भात हवामान मुख्यतः कोरडे राहील. कमाल तापमानात किंचित वाढ. लिहिलंस?”

“लिहिलं, काका. तुमची ओळ?”

“या वेळी नाही, बेटा. आभाळात काही नाही.”

मग म्हणाले, आज दुपारच्याच गाडीने अमरावतीला चाललो आहे, शुक्रवारी परत येईन. तिथे त्यांचे थोरले भाऊ होते. त्यांची आठवण जात चालली होती — मागे एकदा काकांनी सांगितलं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो की नाही ते. आता स्वतःच्या मुलाला ‘आपण कोण?’ विचारत होते. “आमच्या घरात आहे ते,” काका म्हणाले होते. “आजोबांनाही होतं.” आणि विषय बदलला होता.

हे सगळं मला माहीत होतं, एवढं लक्षात ठेवा.

फोन ठेवला. समोर वही होती, त्यात दोन ओळी, खाली रिकामी जागा. मी किती वेळ बसले? फार नाही. कुठला मोठा विचार केला, मनाशी झगडले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. बाबा रेडिओचं ऐकत नसत, ग्रामसेवकाचं ऐकत नसत. पण मुलीच्या पेपरात छापून आलेलं म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. मी वहीत लिहिलं — ‘गुरुवारी दुपारनंतर सावनेर, काटोल भागात वादळी वाऱ्यासह गारांची शक्यता.’ आणि कागद खाली, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांकडे पाठवला.

एका माणसाला बागेतून बाहेर काढायचं होतं मला. त्यासाठी मी अख्ख्या जिल्ह्याला खोटं सांगितलं. एवढंच असतं तरी कबूल करायला पुरेसं होतं, नाही?

रविवारी पेपर गेला. सोमवारी काही नाही. मंगळवारी आमच्या सावनेरच्या वार्ताहराने बातमी पाठवली की गावोगावी संत्र्याची तोडणी एकदम सुरू झाली आहे, मजूर मिळेनासे झालेत, बायकापोरं, शाळेचे मास्तर, सगळे बागेत उतरलेत. ती बातमी हातात घेऊन मी जिन्यात जाऊन उभी राहिले. मला काय वाटलं होतं — ती चौकट फक्त बाबा वाचतात? बुधवारी संत्रा मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ढीगच ढीग. भाव पडला. लोक पेपरच्या नावाने शिव्या घालत होते, कारण आभाळ कसं होतं? काचेसारखं निळं. रेडिओ रोज सांगत होता, कोरडे, कोरडे, कोरडे.

बुधवारी संध्याकाळी बाबा शेवटची गाडी उतरवून मावशीकडे आले. हातांना संत्र्याच्या सालीचा वास, डोळे तांबारलेले. दारातच म्हणाले, “रेडिओवाला कोरडं म्हनून राहिला अन् तुह्या पेपरात गार. काहून वं?”

मी म्हटलं, “आमचा माणूस चांगला आहे, बाबा.”

“पाहू,” ते म्हणाले. “नाही आली गार, तं खाप्यात तोंड दाखवाले जागा नाही मले. साऱ्याइले मीच सांगतलं, पोरीचा पेपर हाय म्हून.”

त्यांनी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं होतं. दहा गावांत.

गुरुवार उजाडला तोही निळाच. अकराला अरविंदचे आईवडील आले. त्याचे वडील निवृत्त हेडक्लार्क, कोटाची सगळी बटणं लावलेली. आई चुपचाप, डोळ्यांनी घर मोजणारी. पोहे झाले, चहा झाला. बाबा ‘हो’, ‘बरं’, ‘पाहू’ यापलीकडे जात नव्हते. त्याचे वडील उन्हाळ्यावर बोलले, मग रेल्वेवर, मग पुन्हा उन्हाळ्यावर. जेवणं झाली. तीन वाजले. त्यांची परतीची बस पाचची होती. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते आणि मला कळत होतं — गेलं. बागही गेली, लग्नही गेलं, बाबांचं नावही गेलं. आणि हे सगळं मी माझ्या हाताने केलं.

साडेतीनला उजेड बदलला.

मला वाटलं कुणी खिडकी लोटली. बाहेर पाहिलं तर वायव्येकडून आभाळ चढत होतं, जांभळं, कडेला पिवळट, आणि वारा असा की समोरच्या घरावरचा पत्रा उडून रस्त्याने खडखडत गेला. मग एक ठक्. मग दोन. आणि मग — मी कसं सांगू तुम्हाला! मावशीच्या पत्र्याच्या छपरावर कुणीतरी ट्रकभर गिट्टी ओतावी तसा आवाज. बोललेलं ऐकू येईना. लिंबाएवढ्या गारा अंगणात उड्या मारत होत्या, आणि त्या अंगणात, खाटेवर, मावशीच्या वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या.

मावशी किंचाळली. बाबा उठले, डोक्यावर पोतं घेतलं आणि धावले. आणि त्यांच्या मागे, हेडक्लार्कसाहेब! कोटासकट. डोक्यावर मावशीची पितळी परात उपडी धरून. परातीवर टणाटण गारा वाजत होत्या. दोघांनी दोन बाजूंनी खाट उचलली, एकदा दाराला धडकवली, आडवी केली, अर्ध्या कुरडया सांडल्या, पण खाट आत आली. दोघेही भिजलेले, धापा टाकत. अरविंदच्या वडिलांच्या कपाळावर टेंगूळ. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी बाबांकडे — आणि दोघे असे हसायला लागले, असे हसायला लागले की अरविंदची आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

मग बाबा दारात जाऊन उभे राहिले. एक गार उचलली, तळहातावर धरून पाहत राहिले. आवाज कमी झाल्यावर आत वळले. डोळ्यांत पाणी होतं.

“तिकडंही हेच चालू असंल,” ते म्हणाले. “अन् झाडावर एक फळ नाही. मह्या पोरीच्या पेपरानं धा गावं वाचवली.” मग अरविंदच्या वडिलांकडे वळून, “आता हिले नाही कसं म्हनू, सांगा तुमीच.”

पाचची बस सुटून गेली. कुणाला आठवणही झाली नाही. वैशाखातली तारीख ठरली, मावशीने वाचलेल्या कुरडयांमधल्या लगेच तळायला घेतल्या.

मी काय करत होते? मी मागच्या अंगणात गेले आणि गारा ओंजळीत घेऊन तोंडाला लावल्या. मी नाचले असते. देवाने माझं खोटं खरं केलं होतं! तुम्हाला कधी असं झालं आहे — चोरी करायला गेलात आणि घरमालकाने दार उघडून हार घातला? त्या क्षणी मला कुणाचीही भीती नव्हती. आजसुद्धा तो क्षण मला परत द्या म्हणाल तर मी घेईन. हे सांगू नये, पण घेईन.

शुक्रवारी बातमी पहिल्या पानावर. सावनेर आणि काटोलकडच्या बागांत पानंसुद्धा उरली नव्हती, पण फळ मार्केटमध्ये पोचलेलं होतं. बागाईतदार टोपल्या घेऊन कचेरीत येत होते. जिने संत्र्यांनी भरले. जुळारी खिळ्यांच्या पेटीशेजारी सालं ठेवून काम करत होते. संपादकांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, “सप्रे काकांची ओळ होती, साहेब.” किती विनयाने म्हटलं!

आणि दुपारी काका आले.

मी त्यांना तोवर एकदाच पाहिलं होतं. बारीक अंगाचे, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. अमरावतीहून उतरून घरी पिशवी टाकून आपल्या कचेरीत गेले आणि तिथून थेट माझ्याकडे आले होते. तिथे लोकांनी त्यांना फक्त खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं. हातात रविवारचा पेपर, घडी घातलेला. माझ्या टेबलासमोर बसले. चौकटीवर बोट ठेवलं. रागावलेले नव्हते. मी तयारी केली होती ती रागाची.

“बेटा,” ते म्हणाले, “ही ओळ मी सांगितली?”

आता पाहा. मला काय म्हणता आलं असतं? ‘नाही काका, माझ्याकडून झालं.’ एवढे चार शब्द. ते माणूस असे होते की कदाचित त्यांनी कुणाला सांगितलंही नसतं. पण लग्न ठरून चोवीस तास झाले नव्हते. बाबा खाप्यात कॉलर ताठ करून फिरत होते. आणि मी जिंकले होते. जिंकलेल्या माणसाला एक पाऊल मागे घेणं किती जड जातं!

मी हसले. म्हटलं, “हे काय काका, तुम्हीच तर सांगितलीत. शेवटी. ‘माझी ओळ घे’ म्हणालात.” आणि ड्रॉवरमधून वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. तिन्ही ओळी एकाखाली एक. एकाच शाईत.

त्यांनी ती वही पुष्कळ वेळ पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली.

“मला तर आठवतं — आभाळात काही नाही, असं म्हणालो होतो मी.”

“ते तुम्ही आधी म्हणालात,” मी म्हटलं. “मग थोडं थांबून ही ओळ दिलीत.”

‘थोडं थांबून’! कुठून सुचलं मला ते? विचारही करावा लागला नाही.

त्यांचा चेहरा — मी तो वर्णन करून सांगणार नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, अगदी हळू, माझ्याशी नव्हेच: “दादाचंही असंच सुरू झालं होतं.”

मी त्यांना संत्रं दिलं. हो. सोलून दिलं. आणि म्हटलं, “काका, तुम्ही दमलाय. प्रवास झालाय.”

पंधरवड्याने खाप्यात सत्कार झाला. मंडप, बँड, फटाके, बैलांच्या शिंगांना गोंडे. मला आणि काकांना उघड्या जीपमधून गावातून नेलं. बायका माड्यांवरून कुंकू आणि फुलं टाकत होत्या. बाबा जीपच्या पुढे चालत होते, फेटा बांधून, लोकांना बाजूला सारत, “सरका गा, सरका, पोरगी येऊन राहिली मही!” असा दिवस पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही. माझ्या लग्नातही नाही.

काकांना बोलायला उभं केलं. त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “ही ओळ मी सांगितली असं मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.”

लोकांना वाटलं, काय हा विनय! टाळ्या थांबेनात. कुणीतरी शिट्टी मारली. मीही टाळ्या वाजवत होते. सगळ्यांत शेवटी थांबले असेन.

त्यानंतर शनिवारी फोन यायचा तो दुसऱ्या कुणाचा तरी. वर्षभरात काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कचेरीतल्या लोकांनी पुष्कळ समजावलं म्हणे, पण ते म्हणाले, माझ्या एका ओळीवर लोक बागा रिकाम्या करतात आणि मला ती ओळ आठवतही नाही, मी नकाशाला हात लावू नये. पुण्याला मुलीकडे गेले. ते नागपुरात असतानाच मी माझ्या लग्नाची पत्रिका पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं होतं, सुंदर अक्षरात. पत्रिका मिळाल्याची तारीख त्यांनी कोपऱ्यात दोनदा लिहिली होती.

मी पत्र लिहू शकले असते. पुण्याला मी तीनदा गेले — एकदा पेपरच्या कामाने, दोनदा नणंदेकडे. पत्ता पर्समध्ये होता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांची मुलगी नागपूरला एका लग्नात भेटली. काका गेल्याला दीड महिना झाला होता. तिने मला ओळखलं, कोपऱ्यात नेऊन बसवलं. म्हणाली, आमच्या बाबांना काहीही झालं नव्हतं हो. शेवटच्या दिवसापर्यंत डोकं लख्ख. डॉक्टर सांगून थकले. पण त्यांनी ऐकलं नाही. रोज सकाळी उठून आम्हा सगळ्यांची नावं, जन्मतारखा, दाराचा नंबर वहीत लिहायचे आणि आदल्या दिवसाच्या पानाशी ताडून पाहायचे. बरोबर आलं की मगच चहा घ्यायचे. सोळा वर्षं. एकही दिवस चुकलं नाही त्यांचं.

मग ती म्हणाली, “तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, नशीब की त्या मुलीने लिहून ठेवलं होतं.”

सनई चालू होती. पंगत बसत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “फार चांगले होते हो काका.” मग आम्ही जेवायला बसलो, शेजारी शेजारी, आणि मी पोटभर जेवले.